ब्राझीलची प्रेक्षणीय स्थळे : निसर्गाची कोणती आणि माणसाची कोणती?

दक्षिणायन

गेल्या ऑगस्टमध्ये मी आणि सौ. तीन आठवडे ब्राझीलमध्ये होतो. निघण्यापूर्वी, हिशेबाच्या नोकरीत लागलेल्या सवयीप्रमाणे, मी वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारली होती. डावीकडे निसर्गनिर्मित स्थळे होती : इग्वासूचा धबधबा, रिओचा शुगरलोफ, तिजुकाचे जंगल आणि ॲमेझॉन खोऱ्यातल्या मानाउस शहराजवळचा दोन नद्यांचा संगम. उजवीकडे मानवनिर्मित स्थळे होती : रिओतल्या कोर्कोवादो डोंगरावरचा ख्रिस्ताचा पुतळा, ब्राझीलिया ही राजधानी, इताइपूचे धरण आणि मानाउसचे नाट्यगृह. परत आल्यावर तीच वही काढून खर्च मांडताना माझ्या लक्षात आले की पैशांचा हिशेब जुळतो आहे, ती रेघ मात्र जुळत नाही. त्याबद्दल सविस्तर लिहावे आणि इथल्या जाणकारांचे म्हणणे ऐकावे, म्हणून हा धागा काढतो आहे.

सर्वांत आधी जागचे हलले ते तिजुका. रिओ शहराच्या ऐन मध्यावर डोंगरांवर पसरलेले हे दाट जंगल पाहून ते अनादी काळापासून तिथे असावे असेच कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या उतारांवर कॉफीचे मळे होते. मळ्यांसाठी मूळचे जंगल तोडले गेले, झरे आटू लागले आणि त्या वेळी राजधानी असलेल्या रिओला पाणी पुरेना. अखेर सम्राट दुसरा पेद्रो याच्या कारकिर्दीत, १८६१ साली, या डोंगरांवर पुन्हा जंगल उभे करण्याचे काम सरकारने हाती घेतले आणि मेजर आर्चर नावाच्या अधिकाऱ्याने, मुख्यतः गुलाम मजुरांच्या कष्टांतून, पुढच्या १३ वर्षांत सुमारे १ लाख झाडे लावून घेतली. म्हणजे ज्याला मी 'निसर्ग' या सदरात टाकले होते, ते एका पाणीपुरवठा योजनेचे फळ आहे.

आता उजवीकडचा पुतळा घ्या. तो ३० मीटर उंच आहे, खाली ८ मीटरचा चौथरा आहे, पसरलेल्या हातांचा विस्तार २८ मीटर आहे आणि त्याचे उद्घाटन १२ ऑक्टोबर १९३१ रोजी झाले, ही माहिती कुठेही मिळते. मला भावली ती त्याच्या कातडीची गोष्ट. आतला सांगाडा लोखंडी सळया आणि काँक्रीटचा आहे. पण नुसते काँक्रीट ओबडधोबड दिसेल, म्हणून अभियंता एतोर दा सिल्वा कोस्टा याने त्यावर सोपस्टोनचे, म्हणजे आपल्या संगजिऱ्याचे, लहान त्रिकोणी तुकडे बसवायचे ठरवले. रिओतल्या स्त्रिया एकत्र बसून हे तुकडे कापडाच्या पट्ट्यांवर चिकटवीत असत, आणि चिकटवण्यापूर्वी कित्येकींनी तुकड्यांच्या मागच्या बाजूला आपल्या माणसांची नावे लिहिली. ती नावे आजही काँक्रीटकडे तोंड करून पुतळ्याच्या अंगात आहेत. जानेवारी २०१४ मध्ये वीज पडून पुतळ्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचे टोक उडाले, तेव्हा त्याचीही डागडुजी झाली. मात्र मूळच्या खाणीतला फिकट दगड आता मिळत नसल्याने दुरुस्तीचे तुकडे किंचित गडद असतात. शिवाय पुतळ्याखालचा कोर्कोवादो हा डोंगरच ७१० मीटर उंच आहे, आणि त्यावर जाणारी रेल्वे १८८४ साली, म्हणजे पुतळ्याच्या ४७ वर्षे आधी, सुरू झाली होती. लोक तेव्हाही वर जातच होते. तेव्हा आपण जे पाहायला जातो त्यात पुतळा किती आणि डोंगर किती, हे मला ठरवता आले नाही.

समोरच्या शुगरलोफचे तर नावच कारखान्यातून आले आहे. पोर्तुगीज काळात उसाचा आटवलेला रस मातीच्या निमुळत्या साच्यांत ओतत. त्यातून निघणाऱ्या साखरेच्या ढेपेसारखा हा ३९६ मीटरचा सुळका दिसतो, म्हणून ते नाव पडले. कोल्हापूरकडच्या वाचकांना ढेप समजावून सांगायची गरज नाही. फक्त ती टोकाला निमुळती आहे अशी कल्पना करावी. वर जाणारा दोरमार्ग १९१२ सालचा असून तो दोन टप्प्यांत जातो.

इग्वासूबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण तिथे माझे शब्द अपुरे पडतात. नदी सुमारे २.७ किलोमीटर रुंदीच्या कड्यावरून पडते, धबधब्यांची संख्या पाण्यानुसार बदलते आणि साधारणतः २७५ सांगितली जाते. ब्राझीलच्या बाजूने सव्वा किलोमीटरची पायवाट आहे आणि तिच्या शेवटी पाण्यावर नेलेला पूल आहे, जिथे चष्मा पुसण्यात अर्थ नसतो. वाटेवर कोआटी नावाचे, लांब नाकाचे आणि पट्टेरी शेपटीचे प्राणी टोळीने हिंडतात. त्यांना खायला घालू नका, असे सांगणारे फलक चावलेल्या हाताच्या छायाचित्रासह जागोजागी लावले आहेत. आम्ही काहीच घातले नाही. बाकावर ठेवलेल्या पिशवीची चेन एका कोआटीने नाकाने सरकवली, वरचा रुमाल बाजूला केला, भडंगाचा पुडा दातांत धरला आणि अत्यंत शांतपणे तो झाडीत निघून गेला. हिरव्या मिरचीचे त्याने पुढे काय केले, ते कळले नाही.

जाणकारांना माझा प्रश्न असा आहे : धबधब्याच्या कड्याचा काळा, पायऱ्यापायऱ्यांचा दगड पाहून मला सारखा आपला घाट आठवत होता. हा केवळ घरच्या ओढीने झालेला भास होता, की त्याला काही आधार आहे?


काळापाषाण

दक्षिणायन, तो भास नव्हता. इग्वासूचा कडा आणि सह्याद्रीचा कडा एकाच जातीच्या दगडाचे आहेत. दोन्हीकडे जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचला आणि त्याचा बेसाल्ट झाला. इग्वासू ज्या पाराना नदीला मिळते तिच्या खोऱ्यातला हा उद्रेक सुमारे १३.४ कोटी वर्षांपूर्वीचा आहे, तर आपला दख्खनचा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे तिकडचा दगड आपल्या दगडाच्या दुपटीने जुना आहे. त्या वेळी दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका एकमेकींपासून विलग होण्याच्या बेतात होत्या, आणि म्हणून त्याच लाव्ह्याचा उरलेला तुकडा आज अटलांटिकच्या पलीकडे, नामिबियात सापडतो.

पायऱ्यांचे कारणही तेच आहे. लाव्ह्याचा एक थर निवतो तेव्हा त्याचा मधला भाग घट्ट होतो आणि वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून तो सच्छिद्र राहतो. आपल्याकडे विहिरी खणणारे घट्ट दगडाला काळा पाषाण म्हणतात आणि सच्छिद्र दगडाला मांजऱ्या म्हणतात. पाणी मांजऱ्या लवकर पोखरते, त्यावरचा पाषाण आधार गेल्यामुळे सरळ उभा तुटतो, आणि पुढच्या थराची सपाटी उघडी पडते. इग्वासूला अनेक ठिकाणी पाणी एका झेपेत खाली न येता मध्ये एका ओट्यावर टेकून मग पुन्हा पडते. तो ओटा म्हणजे खालच्या थराचा माथा. याच झिजेमुळे धबधबा मागे सरकत आला आहे. इग्वासू नदी जिथे पारानाला मिळते तिथून तो आज नदीच्या मार्गाने वीस-पंचवीस किलोमीटर वर आहे.

आणखी एक नाते सांगण्यासारखे आहे. बेसाल्टमधल्या पोकळ्यांत पुढे खनिजे वाढतात. आपल्याकडे नाशिक, जळगाव, पुणे या पट्ट्यात त्यांतून झिओलाइटचे सुंदर स्फटिक निघतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ज्यांनी ते पाहिले असतील त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. ब्राझीलच्या दक्षिण भागात त्याच पोकळ्यांत जांभळा ॲमेथिस्ट वाढतो, आणि काही पोकळ्या माणूस आत उभा राहील एवढ्या असतात. बाजारात उभ्या कापलेल्या, आतून जांभळ्या दिसणाऱ्या ज्या 'गुहा' शोभेसाठी विकल्या जातात त्यांतल्या बऱ्याचशा तिकडून, नाहीतर शेजारच्या उरुग्वेमधून येतात.

फरक मातीत आहे. आपल्या बेसाल्टची पठारावर काळी कापसाची जमीन झाली. तिकडे जास्त पावसात आणि वेगळ्या निचऱ्यात त्याच दगडाची तांबडी-जांभळट माती झाली, जिला तिथे तेरा रोशा म्हणतात. ब्राझीलच्या कॉफीचे मोठे मळे याच मातीवर वाढले. तेव्हा तुमच्या वहीतल्या रेघेला माझाही एक धक्का : साओ पावलोची श्रीमंती कॉफीतून आली, आणि कॉफी या दगडातून.


पाटकरी

काळापाषाण यांनी दगडाची बाजू मांडली, मी पाण्याची मांडतो. मी ३४ वर्षे पाटबंधाऱ्याच्या कामात काढली असल्याने माझे मत धरणाकडे झुकलेले असणार, हे आधीच कबूल करतो.

इताइपूचे धरण ब्राझील आणि पॅराग्वे यांच्या सीमेवर पाराना नदीवर आहे. १९७३ साली दोन्ही देशांत करार झाला आणि १९८४ साली पहिली वीज निघाली. प्रत्येकी ७०० मेगावॅटची २० यंत्रे, एकूण १४,००० मेगावॅट. आपल्या कोयनेची क्षमता १,९६० मेगावॅट धरली तर साधारण सात कोयना एका जागी. २०१६ साली या एका केंद्राने १०३ अब्ज युनिटहून अधिक वीज दिली. मला स्वतःला मोहवते ती एक बारीक गोष्ट. पॅराग्वेची वीज ५० हर्ट्झवर चालते आणि ब्राझीलची ६० हर्ट्झवर. अखेर कोणीच दुसऱ्याची पद्धत न स्वीकारता त्यांनी १० यंत्रे ५० ची आणि १० यंत्रे ६० ची बसवली. पॅराग्वेला आपल्या वाट्याची सगळी वीज लागत नाही. ती उरलेली ५० हर्ट्झची वीज आधी एकदिश प्रवाहात बदलतात, साओ पावलोजवळ सुमारे ८०० किलोमीटर वाहून नेतात आणि तिथे ६० हर्ट्झची करून घेतात.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण प्रवासवर्णनांत तो वारंवार दिसतो. इताइपूमुळे इग्वासूचे पाणी कमी झाले, असे नाही. धरण पारानावर आहे आणि तेही इग्वासूच्या संगमाच्या वरच्या अंगाला. इग्वासूच्या पाण्यावर परिणाम होतो तो खुद्द इग्वासू नदीवर धबधब्याच्या वर बांधलेल्या जलविद्युत धरणांचा.

इताइपूने गिळला तो दुसराच धबधबा, आणि दक्षिणायन यांच्या यादीत तो नाही, कारण तो आता कोणाच्याच यादीत नाही. त्याचे नाव सेते केदास, म्हणजे सात धबधबे. ग्वाइरा गावाजवळ विस्तीर्ण पाराना नदी एका अरुंद घळीत कोंडली जात असे. उंचीने तो इग्वासूएवढा नव्हता, परंतु पाण्याच्या प्रमाणात जगातल्या सर्वांत मोठ्या धबधब्यांत त्याची गणना होई. धरण भरणार हे कळल्यावर शेवटचे दर्शन घ्यायला लोकांची रीघ लागली, आणि १७ जानेवारी १९८२ रोजी गर्दीच्या भाराने तिथला एक झुलता पूल तुटून तीसहून अधिक माणसे दगावली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दरवाजे बंद केले. १,३५० चौरस किलोमीटरचा जलाशय भरायला १४ दिवस लागले, आणि धबधबा बुडाला. काठावरची ग्वारानी आदिवासींची वस्तीही बुडाली. धरणाच्या जागी नदीत एक खडकाळ बेट होते. त्याचेच ग्वारानी नाव इताइपू, म्हणजे गाणारा दगड.

मी त्या जागी अभियंता असतो तर धरण बांधले असते का? बहुधा बांधले असते. कोयनेच्या शिवसागराखाली काय काय गेले ते मी जवळून ऐकलेले आहे आणि तरीही घरात दिवा लावतो. पण इताइपूच्या सहलीत सांडव्यापुढे उभे राहून छायाचित्र काढणाऱ्याला वरच्या बाजूला काय झाकले गेले आहे ते कोणीतरी सांगावे, एवढे मला वाटते.


कोनाडा

पाटकरी काका, इताइपूचे आपण लिहिलेत ते पुन्हा वाचले. मी व्यवसायाने वास्तुविशारद आहे, म्हणून ब्राझीलियाबद्दल लिहिते.

राष्ट्राध्यक्ष जुसेलिनो कुबिचेक यांनी किनाऱ्यावरची राजधानी देशाच्या आत हलवण्याचा निर्णय घेतला. १९५७ सालच्या स्पर्धेत लुसिओ कोस्टा यांचा आराखडा निवडला गेला, प्रमुख इमारती ऑस्कर नीमायर यांनी रचल्या आणि २१ एप्रिल १९६० रोजी राजधानीचे उद्घाटन झाले. ही तारीख सहज निवडलेली नाही. २१ एप्रिल १७९२ रोजी पोर्तुगीज सत्तेविरुद्ध कट केल्याबद्दल तिरादेंतीस याला फाशी दिले गेले होते, आणि राजधानी आत हलवावी हा विचार त्या कटवाल्यांच्याही मनात होता.

शहराचा नकाशा विमानासारखा दिसतो असे सगळे सांगतात. कोस्टा यांची स्वतःची सुरुवात मात्र दोन रेघा एकमेकींना छेदण्यापासून, म्हणजे एखाद्या जागेवर खूण करण्यापासून होती. जमिनीच्या उतारानुसार त्यांतली एक रेघ पुढे वाकली. 'पंखां'मध्ये राहण्याचे चौक आहेत. इमारती सहा मजल्यांपलीकडे जात नाहीत आणि खांबांवर उभ्या असल्याने तळमजला मोकळा राहतो, त्यामुळे कुंपण न ओलांडता इमारतींच्या खालून सरळ चालत जाता येते. हे चौक माझ्या मते या शहराचे खरे यश आहेत, आणि पर्यटक नेमके तेच न पाहता परततात. त्यांच्या बाहेर मात्र पायी चालणाऱ्याचे हाल आहेत. मंत्रालयांच्या रांगेसमोरचे मैदान मी दुपारी दोन वाजता पायी ओलांडले आणि तो निर्णय चुकीचा होता.

कॅथेड्रलबद्दल एकच सांगते. बाहेरून तुम्हाला १६ वाकलेले काँक्रीटचे खांब दिसतात, मूठ अर्धवट उघडावी तसे. दार दिसत नाही. चार धर्मलेखकांच्या पुतळ्यांमधून जाणारा एक उतार तुम्हाला जमिनीखाली, काळोख्या बोळात नेतो, छत डोक्याच्या जवळ येते, आणि बोळ संपताच तुम्ही एकदम काचेखाली, उजेडात उभे असता. आपल्या जुन्या देवळांत उजेडाकडून अंधाऱ्या गाभाऱ्याकडे जायचे असते. नीमायर यांनी क्रम उलटा केला आहे. खांबांचे गणित जोआकिम कार्दोझो या अभियंत्याचे होते, आणि तो कवीही होता, हे आमच्या शिक्षकांनी वर्गात सांगितले नव्हते.

दक्षिणायन यांच्या रेघेविषयी : शहराच्या कडेचे पारानोआ सरोवरही बांधलेले आहे. त्या पठारावर ऑगस्टमध्ये हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात, त्यामुळे हवेत थोडा ओलावा यावा हाही ते अडवण्यामागचा एक विचार होता.

आणि एक कडू गोष्ट. ज्या मजुरांनी ही राजधानी उभी केली त्यांना कांदांगो म्हणत. त्यांच्यासाठी आराखड्यात जागा नव्हती, म्हणून दूरवर उपनगरे निघाली. १९७१ साली शहरालगतच्या झोपडवस्त्या उठवून लोकांना जिथे नेले, त्या उपनगराचे नाव सेइलांदिया. त्यातले 'सेइ' हे अतिक्रमण निर्मूलन मोहिमेच्या पोर्तुगीज नावातल्या आद्याक्षरांवरून आले आहे. लोकांना हुसकावणाऱ्या मोहिमेचे नाव त्यांच्याच गावाला कायमचे चिकटले. आज ते राजधानी प्रदेशातल्या सर्वांत मोठ्या वस्त्यांपैकी एक आहे.


दक्षिणायन

कोनाडा ताई, सेइलांदियाचे मला माहीत नव्हते. आमच्या मार्गदर्शकाने बसमधून फक्त हात करून 'तिकडे उपनगरे' एवढेच सांगितले होते. पाटकरी साहेब, सेते केदास आता वहीत लिहिले आहे. कोणत्या बाजूला लिहावे हे न कळल्याने रेघेवरच लिहिले.


पाउलिस्ता_पुणेकर

मी गेली ११ वर्षे साओ पावलोत राहतो. इथे येणाऱ्या मराठी मंडळींना हमखास नडणारी गोष्ट आधी सांगतो. ब्राझीलहून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचा दाखला मागतात आणि तो नसेल तर विलगीकरणात राहावे लागू शकते. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, भारतातल्या अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते, आणि तिथे गर्दी असते. माझ्या परिचयातल्या एका कुटुंबाने तिकिटे, हॉटेले, सगळे काही सहा महिने आधी ठरवले आणि लस मात्र शेवटच्या आठवड्यावर ठेवली. पुढचे सांगत नाही.

इग्वासूला दोन्ही बाजू पाहाव्यात. बहुसंख्य धबधबे अर्जेंटिनाच्या हद्दीत आहेत, त्यामुळे एकूण देखावा ब्राझीलमधून दिसतो आणि पाण्याच्या डोक्यावर उभे राहायचे असेल तर पलीकडे जावे लागते. एकाच बाजूला वेळ असेल तर मी ब्राझीलची बाजू सुचवीन, आणि अर्जेंटिनातले माझे मित्र उलट सांगतील.

साओ पावलोत पर्यटक थांबत नाहीत, ते एका अर्थी बरोबर आहे. पण पाउलिस्ता रस्त्यावरचे कला संग्रहालय पाहावे. लीना बो बार्दी यांनी रचलेली ही इमारत १९६८ साली उघडली. दोन अजस्र तुळयांवर टांगलेली इमारत, आणि खाली सत्तर मीटरहून अधिक लांबीची, मध्ये एकही खांब नसलेली मोकळी जागा. कारण असे की ती जागा पूर्वी दरीकडे पाहण्याचा सज्जा होती, आणि तिथून दिसणारा देखावा अडवायचा नाही या अटीवर ती मिळाली होती. रविवारी त्या सावलीत जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. देखावा मात्र नंतर आलेल्या टोलेजंग इमारतींनी बराचसा अडवलाच.

मानाउसबद्दल दोन शब्द. नाट्यगृह १८९६ सालच्या अखेरीस उघडले. रबराच्या पैशाने युरोपातून लोखंड, संगमरवर आणि घुमटाची ३६,००० रंगीत कौले आणून ते बांधले. पण १८७६ साली रबराच्या झाडाच्या सुमारे ७०,००० बिया लंडनला पोहोचल्या होत्या. त्यांच्यापासून आशियात मळे उभे राहिले आणि मानाउसचा पैसा आटला. संगमाचे म्हणाल, तर काळी रिओ नेग्रो आणि गढूळ पिवळसर सोलिमोएस या दोन नद्या सुमारे ६ किलोमीटर शेजारी शेजारी वाहतात. एकीचे पाणी कोमट आणि संथ, दुसरीचे थंड, वेगवान आणि अँडीजमधल्या गाळाने जड, त्यामुळे ती लगेच मिसळत नाहीत. होडीतून हात खाली सोडला तर रेघ ओलांडताना गारवा बोटांना कळतो. नाट्यगृहासमोरच्या चौकात काळ्या-पांढऱ्या लाटांची फरसबंदी आहे, ती या संगमाची म्हणून तुम्हाला सांगतील. तसाच लाटांचा नमुना लिस्बनच्या एका जुन्या चौकात आधीपासून होता, हे मात्र सांगणार नाहीत.

जून ते सप्टेंबरमध्ये येणार असाल तर लेंसोइस मारान्येन्सेस हे राष्ट्रीय उद्यान सोडू नका. नजर पोहोचेल तिथवर पांढऱ्या वाळूचे डोंगर आणि त्यांच्या खोलगटीत पावसाच्या पाण्याची निळी-हिरवी तळी. २०२४ साली ते जागतिक वारशाच्या यादीत आले. दिसायला वाळवंट, पण पाऊस भरपूर, म्हणूनच तळी.


बोंडू

मी सिंधुदुर्गातला, काजूच्या धंद्यातला. दक्षिणायन यांच्या तिजुकाच्या जंगलात मला माझा माणूस भेटला होता आणि तो म्हणजे फणस. ब्राझीलमध्ये त्याला जाका म्हणतात. मल्याळममधल्या चक्का या शब्दावरून पोर्तुगीजांनी ते नाव उचलले आणि झाडही नेले. तिजुकात तो इतका माजला की मूळची झाडे त्याच्या सावलीत उगवेनाशी झाली, आणि उद्यानाला फणस कमी करण्याचे काम हाती घ्यावे लागले. आमच्याकडे ज्या झाडाला कुऱ्हाड लावताना घरातली म्हातारी माणसे अडवतात, त्याची तिथे 'उपद्रवी' म्हणून नोंद आहे. वाईट वाटले, पण त्यांचे बरोबर आहे.

उलट दिशेने आलेले देणे म्हणजे काजू. मूळचा ब्राझीलच्या किनाऱ्यावरचा, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला आणि तिथून कोकणभर पसरला. नावही तिथल्या मूळ रहिवाशांच्या तुपी भाषेतून पोर्तुगीजमध्ये आणि तिथून आपल्याकडे आले. म्हणून माझ्या मते या धाग्यात एक स्थळ राहून गेले आहे : नाताल शहराजवळच्या पिरांजी इथला काजू. एकच झाड, आणि सुमारे ८,५०० चौरस मीटर जागा व्यापून आहे, म्हणजे दोन एकरांहून जास्त. फांद्या वर न जाता आडव्या वाढतात, भाराने जमिनीला टेकतात, तिथे मुळे धरतात आणि पुढे चालू लागतात. आपण हे वडाच्या बाबतीत ऐकलेले असते. काजूचे असे झाड मी चाळीस वर्षांत पाहिले नव्हते. आत लाकडी पायवाटा आहेत आणि वर चढून पाहण्यासाठी एक मचाण आहे. मचाणावरून खाली जंगल दिसते, आणि ते जंगल म्हणजे एक बुंधा आहे हे डोळ्यांना पटत नाही.

तिथे लोक काजूगरापेक्षा बोंडूवर, म्हणजे काजूच्या रसाळ फळावर, जास्त प्रेम करतात. त्याचा रस घरोघरी पितात. आपण बोंडू फेणीला देतो किंवा बागेत कुजू देतो, हे मी तिथल्या विक्रेत्या बाईंना हातवाऱ्यांनी सांगितले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे जे पाहिले ते मी विसरलेलो नाही.


पाटकरी

बोंडू, त्या झाडाखालची जमीन कोणाची? म्हणजे फांद्या अशाच चालत राहिल्या तर शेजारच्याच्या हद्दीत जाणारच.


बोंडू

गेल्याच आहेत. एका बाजूला रस्ता आहे, पलीकडे घरे आणि दुकाने आहेत. रस्त्यावरच्या फांद्यांना आधार देऊन वर उचलावे, छाटावे, की रस्ताच सरकवावा, यावर तिथे बरीच वर्षे वाद चालत आला आहे. छाटले तर जगातले काजूचे सर्वांत मोठे झाड म्हणून असलेला मान जाईल असे एक म्हणतात, आणि दुसरे म्हणतात की मानाने गाडी वळत नाही.


दक्षिणायन

वहीचे ते पान मी आता फाडले आहे आणि नव्या पानावर नुसतीच यादी केली आहे. पिरांजीला पुढच्या खेपेला जाणार. बोंडू, फळे कधी असतात?


बोंडू

नोव्हेंबर ते जानेवारी. आपल्या हंगामाच्या आधी उरकते, त्यामुळे मार्चपर्यंत घरी येऊन इकडचेही खाता येतील.